प्रदूषणाचे मोल

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकास, वेंगुर्ले तालुक्यात, रेडी हे गाव वसले आहे. येथील लोहखनिज जहाजांतून दूरदेशी गेले. परंतु खनिज खणताना व मालमोटारींतून वाहताना लाल धूळ उडते. पावसाळ्यात खाणीतील गाळ शेतांत उतरतो. नफा एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे, हा न्याय नव्हे.

म्हणून २०१५ साली खाणविषयक कायद्यात सुधारणा झाली. शासनास द्यावयाच्या स्वामित्वधनाखेरीज, जुन्या खाणपट्ट्यांना त्याच्या ३० टक्के व लिलावाने मिळालेल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे भरावी लागते. ती खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य व पर्यावरण यांसाठी असते.

हेच तत्त्व कोळशालाही लावले गेले. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला. २०१६ साली तो ४०० रुपये झाला. सूर्य व वारा यांपासून मिळणाऱ्या निर्मळ ऊर्जेस आणि नव्या शोधांस साहाय्य व्हावे, हा त्यामागील हेतू होता. २०१७ साली मात्र त्याच्या जागी दुसरा उपकर आला आणि त्याचे उत्पन्न राज्यांच्या महसुलाची तूट भरण्यास लागले.

कर बसला की धूर महाग होतो व कारखानदार स्वच्छ यंत्रे शोधू लागतो. पण जमलेला पैसा योग्य कामी वेचला गेला, तरच तो कर खऱ्या अर्थाने फलद्रूप होतो.