सियाचिनचा जुना सोबती : चीता हेलिकॉप्टर

काचेच्या मोठ्या फुग्याला मागून नळ्यांची उघडी, जाळीदार शेपटी जोडावी आणि वर तीन लांब पाती बसवावीत, तसे चीता हेलिकॉप्टर दिसते. चाके नाहीत, खाली नुसत्या दोन आडव्या दांड्या. आत पायलटसह जेमतेम पाच जणांची जागा. रिकामे असताना वजन साधारण एक टन, म्हणजे आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या एखाद्या कारइतके. चित्रपटांतली अवाढव्य लढाऊ हेलिकॉप्टर्स पाहिलेल्या मुलांना तर ते खेळण्यासारखेच वाटेल.

पण सियाचिनच्या सर्वात उंच चौक्यांवर उभ्या असलेल्या जवानाला विचारा. रॉकेल, औषध, घरून आलेले पत्र आणि आजारी पडल्यावर खाली नेणारा हात, हे सगळे त्याच्यापर्यंत याच छोट्या यंत्रातून पोहोचत आले आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे हेलिकॉप्टर सेवेत आहे. ते इतके कसे टिकले आणि त्याला निरोप देणे इतके अवघड का झाले, याची ही गोष्ट.

हिमालयासाठीच जन्म

१९६२ च्या सुमारास भारताने फ्रान्सचे 'अल्युएट ३' हे हेलिकॉप्टर घेतले. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडने, म्हणजे एचएएलने, ते परवान्याखाली बंगळुरूत बनवले आणि त्याला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाले, चेतक. चेतक चांगलेच होते, पण हिमालयातल्या खूप उंच चौक्यांसाठी त्याहून हलके आणि त्याहून दमदार काहीतरी हवे होते. १९६८ मध्ये भारतीय सैन्यदलांनी तशी गरज मांडली.

फ्रेंच अभियंत्यांनी अगदी नवे यंत्र बनवण्याऐवजी एक साधी युक्ती केली. जुन्या 'अल्युएट २' चे हलके शरीर घेतले आणि त्यात 'अल्युएट ३' चे मोठे इंजिन व पात्यांची यंत्रणा बसवली. अंग लहान भावाचे, ताकद मोठ्या भावाची! १७ मार्च १९६९ रोजी ते पहिल्यांदा उडाले. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत ते दोन वैमानिक आणि १४० किलो वजन घेऊन तब्बल ७,५०० मीटर, म्हणजे सुमारे २४,६०० फूट उंचीवर उतरले आणि तिथून परत उडालेही.

फ्रान्समध्ये त्याचे नाव पडले 'लामा'. भारताने १९७० मध्ये परवाना करार केला. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये एचएएलने जुळणी केलेले पहिले हेलिकॉप्टर उडाले आणि आपल्याकडे ते 'चीता' झाले.

पातळ हवेचे गणित

उंचावर हेलिकॉप्टर उडवणे इतके कठीण का? पाती हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर राहते. इंजिनालाही जळण्यासाठी हवाच लागते. पण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. म्हणजे ढकलायला हवा कमी आणि इंजिनाच्या पोटातही हवा कमी, असा दुहेरी फटका बसतो.

चीताच्या 'आर्टुस्ट' इंजिनाची मूळ ताकद ८७० अश्वशक्ती आहे. पण त्यातली फक्त ५५० अश्वशक्तीच वापरायची, अशी त्यावर मर्यादा घातलेली आहे. उरलेली ताकद वाया जात नाही. काटकसरी घरात सुगीच्या महिन्यात थोडे बाजूला ठेवतात आणि ओढाताणीच्या महिन्यात तेच कामी येते ना, तसेच हे. खाली मैदानात इंजिन आरामात चालते. वर हवा पातळ होऊन त्याची ताकद घटू लागली, की ही शिल्लक उपयोगी पडते.

या शिलकीचे टोकाचे उदाहरण २१ जून १९७२ रोजी दिसले. फ्रेंच चाचणी वैमानिक जाँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे, यावरून कल्पना करा. परतीला सुरुवात करताच इंजिन बंद पडले आणि पुन्हा सुरू होईना. बुले घाबरले नाहीत. जत्रेतले भिरभिरे वाऱ्याने फिरते, तशी खाली येताना लागणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात. त्याच आधारावर त्यांनी हेलिकॉप्टर सुखरूप जमिनीवर आणले. तो उंचीचा विक्रम पुढे अनेक दशके कुणाला मोडता आला नाही.

सैन्याचे आकाशातले डोळे

चीताचे मूळ काम लढण्याचे नाही, पाहण्याचे. डोंगरापलीकडे तोफगोळा नेमका कुठे पडला, हे तोफेजवळच्या जवानाला दिसत नाही. अशा वेळी वर उडणारा निरीक्षक रेडिओवरून सांगतो, थोडे डावीकडे, थोडे पुढे. तो काचेचा फुगा दिसायला गमतीचा असला, तरी त्यातून समोर, बाजूला आणि पायांखाली सगळे स्वच्छ दिसते.

हे काम पूर्वी तोफखान्याच्या हवाई निरीक्षण तुकड्या करत. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाची स्वतंत्र आर्मी एव्हिएशन कोअर स्थापन झाली आणि ही हेलिकॉप्टर्स तिच्याकडे आली. आपल्या नाशिकचा याच्याशी जवळचा संबंध आहे. नाशिक रोडच्या गांधीनगर विमानतळावर भूदलाच्या वैमानिकांना हेलिकॉप्टरचे प्रशिक्षण देणारी शाळा आहे. कित्येक तरुण अधिकारी चेतक आणि चीता उडवायला इथेच शिकले.

१३ एप्रिल १९८४ ची पहाट

चीताचे नाव सियाचिनशी कायमचे जोडले गेले ते 'ऑपरेशन मेघदूत'मुळे. १३ एप्रिल १९८४ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास पहिले चीता बेस कॅम्पवरून उडाले. आत होते कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांचा एक जवान. दुपारपर्यंत अशा १७ फेऱ्या झाल्या आणि कुमाऊँ रेजिमेंटचे २९ जण सुमारे १८ हजार फुटांवरच्या बिलाफोंड ला या खिंडीत पोहोचले. फेऱ्या १७ आणि माणसे २९. एका खेपेत एक किंवा दोनच माणसे, कारण त्या उंचीवर त्याहून जास्त वजन झेपणारे नव्हते. थोड्याच वेळात हवामान बिघडले आणि तुकडीचा खालच्या जगाशी संपर्क तुटला. हेच कॅप्टन कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले.

त्या दिवसापासून ही ये-जा थांबलेली नाही. सोनम ही चौकी जवळपास २१ हजार फुटांवर आहे. इतक्या उंचीवर एका खेपेत कधी कधी अवघे वीस-पंचवीस किलो सामान नेता येते. आपण महिन्याच्या वाणसामानाची पिशवी उचलतो, साधारण तेवढे! आणि तेवढ्यासाठी दोन वैमानिक जीव मुठीत धरून जातात. वारा वाढण्याआधी, म्हणजे सकाळी लवकर उड्डाण करायचे. दोन हेलिकॉप्टर्स जोडीने न्यायची, म्हणजे एकाला काही झाले तर दुसरे जवळ असते. वर उतरल्यावर इंजिन बंद करायचे नाही, कारण त्या थंडीत आणि त्या हवेत ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. सामान टाकायचे, आजारी जवानाला आत घ्यायचे आणि लगेच निघायचे.

कारगिलमध्ये दोन तरुणी

१९९९ च्या कारगिल युद्धात चीताने शत्रूच्या जागा हेरल्या, सामान पोहोचवले आणि जखमींना खाली आणले. ही उड्डाणे करणाऱ्यांत हवाई दलाच्या दोन तरुण अधिकारी होत्या, गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन. गुंजन यांच्यावरचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी २०२० मध्ये घरी बसून पाहिला असेल. पडद्यावरचे नाट्य बाजूला ठेवले, तरी मुद्दा उरतोच. या हेलिकॉप्टरला चिलखत नाही आणि साध्या चीतावर बंदूकही नाही. अशा यंत्रातून गोळीबाराच्या टप्प्यात जाणे, हे मोठे धाडस होते.

सीमेपलीकडेही तेच

पाकिस्तानचे लष्करही लामाच वापरत आले आहे. म्हणजे हिमशिखरांच्या दोन्ही बाजूंना एकाच घराण्यातली हेलिकॉप्टर्स उडत होती. ऑगस्ट २००५ मध्ये स्लोव्हेनियाचा गिर्यारोहक तोमाझ हुमार नंगा पर्बतच्या कड्यावर सुमारे सहा हजार मीटरवर अनेक दिवस अडकून पडला होता. पाकिस्तानी वैमानिकांनी लामातून दोर खाली सोडला. हुमारने तो स्वतःला बांधला, पण कड्याला बांधलेला दुसरा दोर अजून सुटलेला नव्हता. काही क्षण हेलिकॉप्टर जणू पर्वतालाच बांधले गेले. मग तो दोर ताणून तुटला आणि हुमार वाचला. यंत्राला देश नसतो. त्या दिवशी त्याने एका परक्या आईचा मुलगा परत आणला.

चीताची भावंडे

अल्युएट २ : घराण्याचा मूळपुरुष. १२ मार्च १९५५ रोजी पहिले उड्डाण, तेही जाँ बुले यांच्याच हातून.

लामा : मूळ फ्रेंच रूप. आल्प्स पर्वतातल्या बचावकार्यात आणि अवजड सामान दोराने उचलण्याच्या कामात लोकप्रिय. ब्राझीलमध्येही ते 'गाव्हियाँव' नावाने तयार झाले.

चीता : एचएएलचे भारतीय रूप. निरीक्षण, वाहतूक, रुग्णसेवा अशी सगळी कामे करणारे.

लान्सर : चीताचे सशस्त्र रूप. दोन्ही बाजूंना मशिनगन आणि रॉकेट्स. फार मोठ्या संख्येने बनले नाही.

चीतल : शरीर चीताचेच, पण इंजिन नवे, 'टीएम ३३३'. या इंजिनाचे नियंत्रण संगणक करतो. त्यामुळे वैमानिकाचा ताण कमी होतो आणि उंचावरची ताकद वाढते.

घरी वाट पाहणारे

इतके कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. चीताला एकच इंजिन आहे आणि त्याची रचना साठच्या दशकातली. आजच्या हेलिकॉप्टरमध्ये सहज असणारी स्वयंचलित उड्डाण यंत्रणा किंवा हवामान दाखवणारे रडार त्यात नाही. डोंगरात अचानक ढग उतरले, की वैमानिकाच्या हाती उरतात फक्त त्याचे डोळे आणि अनुभव.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये बरेलीत चीता कोसळून भूदलाचे तीन अधिकारी गेले. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या. ही जुनी हेलिकॉप्टर्स बंद करा, ही मागणी घेऊन त्या तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटल्या. नवरा सीमेवर आहे हे त्यांनी स्वीकारले होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की शत्रूशी लढण्याआधी आपल्याच यंत्राच्या वयाशी का लढायचे? ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये बोमडिलाजवळ पुन्हा चीताचे अपघात झाले. दोन्ही वेळा वैमानिकांचे प्राण गेले.

मग बदलले का नाही? प्रयत्न झाले. २०१५ मध्ये रशियाच्या कामोव्ह हेलिकॉप्टर्ससाठी दोन्ही सरकारांत समझोता झाला, पण खरेदी काही झाली नाही. दुसरीकडे एचएएलने स्वतःचे लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर बनवायला घेतले. ६ सप्टेंबर २०१६ रोजी ते प्रथम उडाले, लडाखच्या उंचीवर त्याच्या चाचण्या झाल्या आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकात तुमकुरू इथे त्यासाठीच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. अडचण अशी, की चीता जिथे उतरते तिथे उतरू शकणारे हलके यंत्र बाजारात सहज मिळत नाही. मोठी, सुरक्षित हेलिकॉप्टर्स आहेत, पण सर्वात उंच चौक्यांवरची इवलीशी हेलिपॅड्स आणि पातळ हवा त्यांना झेपत नाही. आणि वरच्या जवानाला रोज रॉकेल लागतेच. नवे येईपर्यंत जुने थांबवता येत नाही.

निरोपाची वेळ

घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाने आयुष्यभर सगळ्यांचे केले, म्हणून त्याच्यावर कायम ओझे टाकत राहणे हा त्याचा सन्मान नसतो. चीताचेही तसेच आहे. त्याने बर्फातून किती जणांना घरी परत आणले, त्याचा हिशेब कठीण आहे. तो मान त्याला मिळायलाच हवा. पण हे हेलिकॉप्टर उडवणारेही कुणाचे तरी मुलगे, मुली, आई-वडील आहेत.

पुढच्या वेळी नव्या हेलिकॉप्टरची बातमी वाचाल, तेव्हा त्याचा वेग आणि शस्त्रे पाहण्याआधी एवढेच बघा, की ते २१ हजार फुटांवर पंचवीस किलोची पिशवी पोहोचवून वैमानिकाला सुखरूप घरी आणते का. चीताची जागा घ्यायला तेवढे पुरेसे आहे.