महिन्यात वजन उतरते, पण कशाचे?

लग्नसराई जवळ आली की जिममध्ये महिनाभराचा कोर्स लावून माझ्याकडे आहाराचा तक्ता मागायला येणारे वाढतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि माणूस हरखून जातो. पण हे बहुतांशी पाणी असते. यकृत व स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. भाकरी-भात एकदम बंद केला की साठा संपतो आणि पाणीही जाते. पुन्हा जेवू लागताच दोन्ही परत!

चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या तरी पंधरा दिवस लागतात. म्हणून महिन्यात दोन किलो उतरले तरी मी शाबासकी देतो. काट्यापेक्षा कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंमी.च्या आत हवी.

ज्वारीची भाकरी सोडू नका, दोनाची एक करा. सोबत घट्ट वरण, मटकीची उसळ, ताक घ्या. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जिमला सुटी असेल त्या दिवशी मोती तलावाकडे भरभर चालून या. त्याला फी नाही.

खरी धास्ती मधुमेहींची. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना उपाशी व्यायाम केला, तर रक्तातील साखर घसरते. दरदरून घाम, थरथर, भोवळ जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. आणि तक्ता सुरू करण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून औषधाचा डोस ठरवून घ्या.