कठड्याचे बळ फळीत नव्हे, तुळईत

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. तेथे माझी मावशी राहते. काका हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत पाण्याखाली गेली होती. ती आठवण मनात ठेवून त्यांनी घराचे जोते मुद्दाम उंच घेतले. त्यामुळे मागील दारातून बागेत उतरणे अवघड झाले, म्हणून दाराबाहेर लाकडी फळ्यांचा डेक करून घेतला. उंची जमिनीपासून अवघी ऐंशी सेंटिमीटर, कडेला स्टीलचा चकचकीत कठडा. गेल्या पावसाळ्यात सर आली तशी मावशी दोरीवरचे कपडे काढायला धावली, पाय निसटला, तिने कठडा धरला आणि कठड्यासकट ती खाली गेली. मनगट दोन ठिकाणी मोडले.

कठड्याचा नळ वाकला नव्हता, कोठे सांधाही सुटला नव्हता. मोडली होती ती त्याखालची फळी. प्रत्येक खांबाच्या तळाशी असलेली गोल चकती चार स्क्रूंनी सरळ पायाखालच्या फळीवर बसवलेली होती. आपल्याकडेही किनाऱ्यालगतच्या होमस्टेंत आणि नव्या बंगल्यांच्या बागांत असे डेक वाढत आहेत, आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी मला हीच चकती दिसते. म्हणून हा विषय.

खांब ही एक तरफ आहे. अमेरिकी बांधकाम संहितेत घरगुती कठड्याच्या माथ्यावर २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलोचा रेटा गृहीत धरतात. तोल गेलेला प्रौढ माणूस एवढा भार सहज टाकतो. कठडा एक मीटर उंच आणि चकतीच्या कडेपासून आतले स्क्रू आठ सेंटिमीटरवर असतील, तर माथ्यावरचे ९० किलो तळाशी साडेबारा पटींनी वाढतात. दोन स्क्रूंवर मिळून अकराशे किलोंहून अधिक ओढ येते. इंचभर जाडीच्या, दोन पावसाळे पाणी प्यायलेल्या फळीने ती सोसावी अशी अपेक्षाच चुकीची.

सिमेंटच्या गच्चीवर अशी चकती चालते, कारण तेथे बोल्ट भरीव काँक्रीटमध्ये खोल जातो. डेकची फळी हे केवळ चालण्याचे पृष्ठ असते. भार वाहतात त्या खालच्या तुळया. म्हणून खांब फळीच्या खाली उतरवून कडेच्या तुळईला भिडवावा आणि १२ मिलिमीटरचे दोन आरपार बोल्ट, एक वर व एक खाली, दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर लावून कसावेत. नुसते खिळे किंवा स्क्रू येथे पुरेसे नाहीत. दोन बोल्टांतील अंतर जितके अधिक, तितकी ओढ कमी. पातळ तुळईवर ते फार जवळ येतात, म्हणून कडेची तुळई निदान १५ ते २० सेंटिमीटर खोल असावी.

एवढ्यानेही काम संपत नाही. खांबाला बाहेर रेटा बसला की कडेची तुळई स्वतःच पिळवटते. खांबाच्या मागे दोन आतल्या तुळयांमध्ये लाकडाचा घट्ट ठोकळा बसवून वरचा बोल्ट त्यातूनही न्यावा, किंवा लोखंडी पट्टीने खांब आतील तुळईशी बांधावा. हे काम फळ्या ठोकण्याआधी करायचे असते. सुतार फळ्या बसवून गेला आणि रेलिंगवाला महिन्याने आला, की दोघांपैकी कोणीच ते करत नाही. खांब तुळईवर नीट टेकावा म्हणून त्याला खाच पाडण्याची हौस काहींना असते. नेमक्या सर्वाधिक ताणाच्या जागी खांब अर्धा करणे म्हणजे शुद्ध नुकसान.

उंची निदान एक मीटर असावी. दोन खांबांतील अंतर १.८ मीटरपेक्षा अधिक नको. उभ्या गजांमधली फट दहा सेंटिमीटरहून कमी ठेवावी, कारण त्याहून मोठ्या फटीत लहान मुलाचे डोके अडकू शकते. आडव्या नळ्या दिसायला सुबक, पण मुलांच्या दृष्टीने ती शिडीच. आपल्या जुन्या बाल्कांवच्या सोप्यांना वेगळ्या कठड्याची गरज नसे. पाठ टेकायची भिंतच कठडा होती. जेथे पायऱ्या आहेत तेथे हाताची मूठ वळेल अशी, साधारण साडेतीन ते पाच सेंटिमीटर व्यासाची गोल कांब हवी. रुंद चपटी फळी चहाचा कप ठेवायला बरी, पण घसरताना ती पकडीत येत नाही.

पणजीत वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सुरतेच्या दुपटीहून अधिक. त्यात खारा वारा. समुद्राजवळ ३०४ प्रतीच्या स्टीलवर तांबूस डाग लवकर उमटतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ महाग, पण टिकाऊ. निदान बोल्ट तरी त्याच प्रतीचे घ्यावेत, कारण ते लाकडाच्या आत ओलसर राहतात आणि त्यांचा गंज बाहेरून दिसत नाही. लाकडाचा कापलेला माथा पाणी शोषतो, म्हणून खांबाच्या डोक्याला उतार किंवा टोपी द्यावी आणि बोल्टसाठी पाडलेल्या भोकांत आतूनही संरक्षक तेल भरावे. डब्ल्यूपीसीचे पोकळ खांब मागवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ते आवरण आहे, खांब नव्हे. आत पोलादी किंवा लाकडी गाभा लागतोच.

नवे लाकूड पहिल्या उन्हाळ्यात आकसते आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून मे महिन्यात नट पुन्हा कसावेत. त्याच वेळी डेकवर उभे राहून, आतल्या बाजूला ओढून प्रत्येक खांब हलवून पाहावा. बाहेर ढकलून पाहू नये. तळाशी बोटभर हालचाल जाणवली तर फळी उचलून खाली पाहावे.

मावशीचा हात आता वळतो, पण पिळलेला कपडा झटकताना अजून दुखतो. नवा कठडा सागाचा आहे. काकांनी या वेळी सुताराला सांगितले, फळ्या शेवटी ठोक, आधी बोल्ट दाखव.