तुमचे नाव काय?

इंग्लंडमध्ये लंडनच्या नैर्ऋत्येला सुमारे ७५ किलोमीटरवर बेसिंगस्टोक नावाचे शहर आहे. तेथे गोल चौक फार. मधल्या बेटाला वळसा घालायचा आणि हव्या त्या रस्त्याने बाहेर पडायचे. म्हणून लोक या शहराला गमतीने ‘डोनट सिटी’ म्हणतात. डोनट हा गोड पदार्थ दिसतो मात्र आपल्या मेदूवड्यासारखा!

आपल्याकडेही ‘जड वाहनांनी इकडून जावे’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. गाडी पाहून रस्ता ठरतो. इंटरनेटवरही असेच घडते.

समजा, तुमची मावशी बेसिंगस्टोकला राहते. तिला मराठी बातम्या वाचायच्या आहेत. संगणकावर पाने उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात. मावशीचा ब्राउझर दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जणू चिठ्ठी पाठवतो, “मला अमुक पान हवे. माझे नाव अमुक.” सर्व्हर ते नाव वाचतो. कधी तो पान देतो, तर कधी ‘३०२’ हा आकडा आणि दुसरा पत्ता पाठवतो. या आकड्याचा अर्थ, ‘सध्या त्या पत्त्यावर जा.’ ब्राउझर लगेच तिकडे जातो. मावशीला पत्ताही लागत नाही.

पण नाव कशासाठी विचारायचे? सन २००० च्या सुमारास नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर हे दोन ब्राउझर खूप वापरात होते. बहुतेक संगणकांवर तेव्हा मराठी अक्षरे नसत. म्हणून काही संकेतस्थळे पानाबरोबर अक्षरांची फाइलही पाठवत. नेटस्केपला एका प्रकारची फाइल लागे, एक्सप्लोररला दुसऱ्या. चुकीची फाइल गेली, की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ! घरापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसाला आपली भाषा समोर असून वाचता येऊ नये, हे केवढे वाईट!

आता युनिकोड आहे. त्यात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५. तो पुण्यात तोच आणि बेसिंगस्टोकमध्येही तोच. त्यामुळे अक्षरांसाठी नाव विचारण्याची गरज उरली नाही.

नाव विचारण्यातून एक गंमतही झाली. नेटस्केपचे टोपणनाव होते ‘मोझिला’. काही संकेतस्थळे चांगली पाने फक्त मोझिलाला देत, इतरांना साधी पाने मिळत. १९९५ साली इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्यालाही चांगली पाने दाखवता येऊ लागली, पण नाव वेगळे पडले ना! मग तोही चिठ्ठीत ‘मोझिला’ लिहू लागला. ही लबाडी खरी. पण मला विचाराल, तर चूक पाटी लावणाऱ्याची. ‘तुला काय येते?’ हे विचारायचे सोडून त्याने फक्त नाव विचारले.

पुढे इतरांनीही तेच केले. २००८ साली नेटस्केप बंद झाला, २०२२ साली एक्सप्लोररही निवृत्त झाला. तरी आजचा क्रोम ब्राउझर पान मागताना चिठ्ठीतल्या आपल्या नावाच्या सुरुवातीला लिहितो, ‘मोझिला’!