थाळी वाजवून बाळाचं ऐकणं कळत नाही. दवाखान्यातून घरी नेण्याआधी कानाची तपासणी विचारा

दहिवडी : बाळाला ऐकू येतं का, हे बऱ्याच घरांत थाळी वाजवून ठरवलं जातं. बाळ दचकलं की सगळे निर्धास्त. पण फसगत इथंच होते. कमी ऐकू येणारं बाळही मोठ्या आवाजाला दचकू शकतं. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला रडतं, हुंकार देतं. मग 'पोरगं अजून बोलत का नाही?' हा प्रश्न दोन-अडीच वर्षांनी पडतो. तोवर भाषा शिकायचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

हजार बाळांमागे साधारण १ ते ३ बाळांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो.

तपासणी कशी होते?
बाळ झोपलेलं असताना कानात मऊ बोंडूक ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान चांगला असेल तर त्याचा प्रतिसाद यंत्र टिपतं. याला 'ओएई' म्हणतात. काही मिनिटांचं काम. सुई नाही, दुखणं नाही.

'रेफर' आलं तर?
घाबरू नका. जन्मानंतर कानात ओल असली तरी असं येतं. पण पुन्हा तपासणी चुकवू नका. गरज पडल्यास 'बेरा' ही पुढची तपासणी होते.

कुणी जास्त जपावं?
कमी वजनाचं किंवा काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ, जास्त कावीळ झालेलं बाळ, घरात लहानपणापासून बहिरेपण, मामा-आत्याच्या नात्यातलं लग्न. अशा बाळांची 'बेरा'बद्दलही डॉक्टरांना विचारा. मात्र यातलं काहीच नसलं तरी तपासणी हवीच.

१-३-६ लक्षात ठेवा
१ महिन्यात तपासणी, ३ महिन्यांत निदान, ६ महिन्यांत श्रवणयंत्र किंवा उपचार सुरू.

माणमध्ये बाळंतपण माहेरी, नंतर सासर, कुणी मेंढरांमागं तर कुणी ऊसतोडीला. या फिरतीत दुसरी तपासणी राहून जाते. म्हणून कागद माता-बाल कार्डासोबत ठेवा.

तपासणी झाली नसेल तर घरी येणाऱ्या आशाताईंना किंवा दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. १०४ वरही सल्ला मिळतो. आणि कान 'मोकळा' करायला तेल, दूध मुळीच घालू नका.