सातव्या डावातील गाणे

बेसबॉलच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ जर कोणी घड्याळ लावून मोजला, तर अडीच-तीन तासांतून तो अर्ध्या तासाचाही भरणार नाही. उरलेला सर्व वेळ पिचर चेंडू हातात फिरवीत उभा आहे, कॅचर खुणा करीत आहे, बॅटर हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा आवळीत आहे, अथवा एका संघाने मैदान सोडून दुसऱ्याने ते ताब्यात घ्यावयाचे आहे, अशा नानाविध निमित्तांनी व्यतीत होतो. ज्यांची क्रीडादृष्टी क्रिकेटवर पोसली गेली आहे त्यांना या रिकामपणाचे वावडे असण्याचे कारण नाही. तथापि क्रिकेटने हा वेळ चहापान आणि गप्पा यांच्या स्वाधीन केला, तर अमेरिकनांनी त्याची रीतसर तजवीज केली. बॉलपार्कमध्ये त्या वेळेचे जणू एक स्वतंत्र खातेच असते, आणि त्या खात्याचा कारभार मुख्यत्वेकरून संगीताकडे असतो.

या कारभाराची पहिली सनद ऑर्गनला मिळाली. शिकागोच्या रिग्ली फील्डवर २६ एप्रिल १९४१ रोजी बॉलपार्कमधील पहिला ऑर्गन वाजला आणि पाहता पाहता तो शिरस्ता इतर नगरांनी उचलला. त्याच शिकागोतील व्हाइट सॉक्स संघाकडे नॅन्सी फॉस्ट ही वादिका १९७० पासून २०१० पर्यंत ऑर्गनवर होती, आणि समोर येणाऱ्या खेळाडूचे नाव किंवा त्याचा मुलूख पाहून त्याला साजेशी, प्रसंगी त्याची फिरकी घेणारी, चाल वाजविण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. सातव्या डावाच्या मध्यंतरी सर्वांनी उठून हातपाय ताणावेत ही वहिवाट तर एकोणिसाव्या शतकापासूनची. तीत जे गीत गावयाचे ते ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ जॅक नॉरवर्थ याने १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत, बेसबॉलच्या सामन्याची जाहिरात पाहून लिहिले, आणि मौज अशी की त्या गृहस्थाने प्रथम श्रेणीचा सामना स्वतः पाहिला तो १९४० साली. हॅरी केरी हा समालोचक समालोचन-कक्षाच्या खिडकीतून बाहेर वाकून भसाड्या आवाजात हे गीत म्हणू लागला, तेव्हापासून सुरेल गळ्याची अट या गायनातून कायमची वगळली गेली, आणि ते फार बरे झाले.

२०१९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्कमध्ये ज्या स्नेह्यांसमवेत मी सामना पाहिला, त्यांची आणि या हॅरी केरीची ओळख जुनी. अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी ते १९८४ मध्ये पुण्याहून ओहायोत गेले. क्रिकेटला पारखे झालेले क्रीडाप्रेमी मन कोठेतरी आश्रय शोधतेच. त्यांना तो चार विद्यार्थ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरातील दूरचित्रवाणी संचात मिळाला, कारण त्या संचाला केबलची जोडणी होती. या केबलचे महत्त्व आज ध्यानात येणे कठीण आहे. अटलांटातील टेड टर्नर याने आपले स्थानिक केंद्र १९७६ मध्ये उपग्रहावर चढवून ब्रेव्ह्ज संघाचे सामने देशभर पोहोचविले. १९७८ मध्ये शिकागोचे डब्ल्यूजीएन केंद्र त्याच मार्गाने गेले. केवळ क्रीडेला वाहिलेली ईएसपीएन ही वाहिनी ७ सप्टेंबर १९७९ रोजी सुरू झाली. आणि १ ऑगस्ट १९८१ च्या मध्यरात्री त्याच तारेतून एमटीव्ही अवतरली. रिग्ली फील्डवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे हॅरी केरी ज्याचे समालोचन करी त्या तेथील कब्ज संघाचे घरचे सामने भरदुपारी होत. दुपारी वर्ग आटोपून आलेल्या विद्यार्थ्याने हॅरी केरीचे गाणे ऐकावे आणि रात्री अभ्यासाच्या मिषाने एमटीव्हीपुढे बसावे, असा दिनक्रम अमेरिकेतील एका संबंध पिढीचा होता. कब्ज संघ विभागविजेता ठरून १९४५ नंतर प्रथमच मोसमाअखेरच्या बाद फेरीत पोहोचला आणि तेथे सॅन डिएगोकडून हरला तेही १९८४ चेच वर्ष. परदेशात नवख्या आलेल्या माणसाला आपलेसे वाटण्यासाठी अशा एका पराभवाइतके उपयुक्त दुसरे काही नसते, असे माझ्या स्नेह्यांचे मत आहे.

एमटीव्हीच्या आरंभीच्या कारकिर्दीविषयी हळवेपणाने बोलण्याचा प्रघात पडला आहे, म्हणून तिची एक बाजू येथे नमूद करणे अवश्य आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्याच कोमिस्की पार्कवर, दोन सामन्यांच्या मधल्या अवकाशात, स्टीव्ह डाल नामक नभोवाणी निवेदकाने डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग मैदानात स्फोटाने उडवून दिला. तबकडी आणणारास ९८ सेंटांत प्रवेश होता. स्फोटानंतर हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, जमिनीची दुर्दशा झाली आणि दुसरा सामना न खेळताच डेट्रॉइटला बहाल करावा लागला. त्या रोषात कृष्णवर्णीयांच्या नृत्यसंगीताविषयीचा द्वेष किती आणि निव्वळ हुल्लड किती याचा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु दोनच वर्षांनी जन्मलेल्या एमटीव्हीने रॉक वाजविणाऱ्या नभोवाणी केंद्रांचाच कित्ता गिरविला आणि कृष्णवर्णीय गायकांना जवळजवळ हद्दपार ठेवले, ही गोष्ट निर्विवाद आहे. डेव्हिड बोवी याने १९८३ मध्ये त्याच वाहिनीवरील मुलाखतीत निवेदकाला याचा जाब विचारला होता. त्या वर्षी मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ने तो दरवाजा उघडला आणि २ डिसेंबरला ‘थ्रिलर’ची सुमारे चौदा मिनिटांची चित्रफीत प्रथम दाखविली गेली, तेव्हा त्या दरवाज्याची चौकटही शिल्लक राहिली नाही.

‘बिली जीन’ची चित्रफीत दिग्दर्शित करणारा स्टीव्ह बॅरन हाच ‘टेक ऑन मी’चाही कर्ता, आणि वॉशिंग्टनच्या बॉलपार्कशी या लेखाचा संबंध जुळतो तो या गीतामुळे. आ-हा या नॉर्वेच्या तिघा तरुणांनी हे गीत १९८४ मध्ये एकदा प्रसिद्ध केले होते. निळ्या पडद्यापुढे उभे राहून गाणाऱ्या वादकांची एक सामान्य चित्रफीतही त्यासोबत होती आणि तिला सामान्य चित्रफितीचे नशीब लाभले. दुसऱ्या खेपेस गीत नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि चित्रफितीसाठी बॅरनने मायकेल पॅटरसन व कँडेस रेकिंजर या चित्रकार दांपत्यास पाचारण केले. त्यांनी अवलंबिलेली रोटोस्कोपीची रीत मॅक्स फ्लायशर याची. १९१७ पासून तिचे पेटंट त्याच्या नावे होते. आधी माणसांचे चित्रीकरण करावयाचे, मग त्या फिल्मची एकेक चौकट कागदावर टाकून तिच्यावर हाताने रेखाटन करावयाचे, आणि ती रेखाटने पुन्हा क्रमाने चित्रित करावयाची. अशी सुमारे ३००० रेखाटने काढण्यास सोळा आठवडे लागले. लंडनमधील एका साध्या उपाहारगृहात बसून चित्रकथा वाचणारी मुलगी, कागदावरून डोळा मिचकावणारा नायक, पानातून बाहेर आलेला पेन्सिलीचा हात आणि तो धरून तिचे रेषांच्या जगात उतरणे, हे सारे चार मिनिटांच्या आत घडते; आणि ज्या आरशासारख्या चौकटीच्या एका अंगाला दोघे रक्तामांसाचे व दुसऱ्या अंगाला शिसपेन्सिलीचे दिसतात, ते दृश्य अवघ्या दशकातील या कलाप्रकाराचे शिखर होय असे मला वाटते. ‘स्लेजहॅमर’चे पक्षपाती (पीटर गॅब्रिएलच्या या चित्रफितीला १९८७ मध्ये एमटीव्हीचे नऊ पुरस्कार मिळाले, ‘टेक ऑन मी’ला आदल्या वर्षी सहा) यावर आक्षेप घेतील, त्यांना तशी मुभा आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये हे गीत अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

बेसबॉल हाच विषय असलेल्या गीतांचीही त्या काळी वाण नव्हती. जॉन फोगर्टीचे ‘सेंटरफील्ड’ १९८५ चे, आणि ते इतके रुजले की २०१० मध्ये कूपर्सटाउनच्या बेसबॉल कीर्तिमंदिराने फोगर्टीला आपल्या सोहळ्यात गाण्यास निमंत्रिले. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘ग्लोरी डेज’ची चित्रफीत जॉन सेल्स या चित्रपट दिग्दर्शकाने केली, तीत एक कामकरी माणूस एकटाच रिकाम्या मैदानात चेंडू फेकीत असतो, ती आजही पाहावी. परंतु बॉलपार्कातील लोकांनी डोक्यावर घेतले ते ज्याच्या शब्दांत बेसबॉलचे नावही नाही असे गाणे.

ते कसे घडले हे सांगण्याजोगे आहे. बॅटर मैदानात चालत येताना त्याच्या पसंतीच्या गीताचा तुकडा ध्वनिवर्धकावर लावण्याचा रिवाज आहे. नॅशनल्स संघाचा मायकेल मोर्स याने २०१२ च्या मोसमात त्यासाठी ‘टेक ऑन मी’ निवडले. प्रेक्षकांनी त्याच्याबरोबर गावयास प्रारंभ केला, आणि संगीत बंद झाले, पिचर चेंडू टाकण्याच्या बेतात आला, तरी ध्रुवपदाचा शेवटचा, गगनाला भिडणारा स्वर गाठल्यावाचून ते थांबत ना. मोर्सचा तो मोसम एरवीही अद्भुतच होता. २९ सप्टेंबरला सेंट लुईस येथे तिन्ही बेसवर सहकारी असताना त्याने मारलेला चेंडू भिंतीपलीकडे आदळून परत आला, पंचांनी तो सीमेच्या आत धरला आणि मोर्स बादही ठरला. मग चित्रफीत पाहून निर्णय फिरविण्यात आला आणि सर्व धावपटूंना मूळ जागी परतण्याची आज्ञा झाली. मोर्स उलट्या क्रमाने बेस ओलांडीत थेट होम प्लेटपर्यंत माघारी गेला, नसलेल्या चेंडूवर त्याने नुसतीच बॅट फिरविली, आणि मगच होम रनची प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढच्या जानेवारीत त्याची रवानगी सिअॅटलला झाली. संघ त्याचा गेला, गाणे मात्र वॉशिंग्टनने ठेवून घेतले आणि सातव्या डावाच्या मध्यंतरी, जुन्या गीताच्या पाठोपाठ, त्याची नेमणूक केली.

त्या संध्याकाळी आम्ही बसलो होतो ते वरच्या मजल्यावर. चौथ्या डावात वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन आणि थिओडोर रूझवेल्ट यांचे अवाढव्य मुखवटे घातलेल्या चौघांची शर्यत झाली. यातील रूझवेल्टला २००६ पासून पाचशेहून अधिक शर्यती हरविण्यात आल्या आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रथम जिंकू देण्यात आले, हे मला शेजारच्या एका वृद्धेने दरबारी गांभीर्याने सांगितले. २०१९ च्या त्या मोसमात हेरार्डो पारा या खेळाडूने आपल्या लहान मुलीच्या आवडीचे ‘बेबी शार्क’ हे बालगीत निवडले होते, त्यामुळे तो येताच सारे प्रेक्षागार दोन्ही हात जबड्यासारखे मिटू-उघडू लागे. स्नेही त्यात सामील झाले नाहीत. सातव्या डावात मात्र वाद्यांची ती परिचित सुरावट सुरू होताच साठी ओलांडलेले हे गृहस्थ उठून उभे राहिले. आ-हाचा गायक मॉर्टन हार्केट याचा आवाज या गीतात अडीच सप्तकांहून अधिक फिरतो. तो शेवटचा स्वर त्यांना लागला नाही, पुढील रांगेतील महाविद्यालयीन मुलांना लागला नाही, आणि बहुधा कोणालाच लागला नाही. विशेष हे की त्या मुलांना चित्रफितीतील मुलगी, चित्रकथा, पेन्सिलीचा हात यांचे काडीमात्र स्मरण नसावे. त्यांनी हे गाणे पाहिलेलेच नव्हते, ते त्यांनी याच पायऱ्यांवर बसून ऐकले होते. ज्या गाण्यांना त्यांच्या काळी चित्रांच्या आधाराने जगणारी म्हणून हिणविले गेले, त्यांतील हे एक चित्रावाचून जगत होते. आपल्याकडे नाटके रंगभूमीवरून गेली तरी त्यांतील पदांच्या चाली भजनी मंडळांनी जिवंत ठेवल्या, त्याच जातीची ही घटना आहे. गाणे टिकते ते त्याला नित्याचे काम मिळाले म्हणून, आणि बेसबॉलच्या रिकाम्या वेळाइतका खात्रीचा यजमान एमटीव्हीच्या गाण्यांना दुसरा भेटला नसता.

वॉशिंग्टन या बाबतीत एकटे नाही. जर्नीचे १९८१ चे ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’ हे व्हाइट सॉक्सने २००५ मध्ये आपलेसे केले आणि त्या वर्षी १९१७ नंतरचे आपले पहिले जागतिक अजिंक्यपद मिळविले. सॅन डिएगोत ट्रेव्हर हॉफमन हा पिचर १९९८ पासून एसी/डीसीच्या १९८० मधील ‘हेल्स बेल्स’च्या घंटानादावर मैदानात उतरत असे. हे सारे फुकटात चालते असे कोणी समजू नये. अॅस्कॅप, बीएमआय यांसारख्या संस्थांना परवान्याचे शुल्क भरूनच गाणी लावली जातात आणि त्यातून गीतकारांना त्यांचा हिस्सा पोहोचतो.

२०२३ पासून मात्र या रिकाम्या वेळेवरच घाला पडला आहे. पिचरला बेस रिकामे असता १५ सेकंद, दोन बॅटरांच्या मध्ये ३० सेकंद असे घड्याळ मुक्रर झाले आणि सामन्याची सरासरी लांबी एकाच मोसमात तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. खेळाच्या दृष्टीने हा बदल हितावह झाला असे मी म्हणेन. चालत येण्याच्या गीतांची मात्र त्यात आबाळ झाली. मोर्सच्या वेळी या घड्याळाचा अंमल असता तर प्रेक्षकांना तो शेवटचा स्वर गाठण्यास सवडच मिळाली नसती.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. उन्हाळ्यात वॉशिंग्टनला असाल तर ग्रीन लाइनने नेव्ही यार्ड स्थानकावर उतरा आणि वरच्या मजल्याचे तिकीट काढा. ते स्वस्त असते आणि तेथील काही जागांवरून कॅपिटॉलचा घुमटही दिसतो. सामना एकतर्फी होऊ लागला की गर्दी टाळण्यासाठी लवकर निघण्याचा आग्रह घरचे लोक करतील. तो सातव्या डावापर्यंत मानू नका.