मर्यादा : घराची निगा आणि घरगुती औषधे

आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या वापरात असलेला एक शब्द आहे, तो म्हणजे मर्यादा. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात. गाळलेल्या पाण्याची दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. उकळलेल्या पाण्याची आठ प्रहर. हे नियम जीवदयेसाठी घालून दिलेले आहेत; परंतु त्यांच्या योगाने घरातील माणसांचे आरोग्यही राखले गेले, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे.

जुन्या काळची घराची निगा व घरगुती औषधे या विषयावर स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी सूचना आम्हांस झाली. आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य गेले, तेव्हा जे वखारीत व माजघरात पाहिले तेच सांगणार. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आजीबाईच्या बटव्याचे गुण पुष्कळ गायिले जातात, पण त्याची मर्यादा क्वचितच सांगितली जाते. आमच्या आजीला मात्र गुण व मर्यादा दोन्ही ठाऊक असत.

धान्याची बेगमी

नंदगडची पेठ ही जुनी पेठ. गोव्याकडून मीठ, नारळ, सुपारी घाटावर येई व इकडचे धान्य खाली जाई. सह्याद्रीच्या या पट्ट्यात मृगाची सर पडली की भिंती, फरशी व हवा सारेच ओलसर होते. म्हणून वर्षाची बेगमी चातुर्मासापूर्वी, कडक उन्हाच्या दिवसांत उरकण्याची चाल पडली. धान्याचा पहिला शत्रू कीड नव्हे, ओल होय. ओल असेल तेथे बुरशी व सोंडे आपोआप येतात. भात वा तांदूळ टिकवावयाचा तर त्यातील ओलाव्याचे प्रमाण शेकडा १४ च्या वर असू नये.

हे घरी कसे ओळखावे? जुनी माणसे दाणा दाताखाली धरीत. कटकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. याहून नेमकी रीत अशी की, कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व त्यात कोरडे खडखडीत मीठ घालून बाटली चांगली हलवावी. थोड्या वेळाने मीठ काचेला चिकटलेले दिसले तर धान्य अजून ओले आहे असे समजावे.

गहू, जोंधळा व डाळी यांस पातळ पसरून ऊन द्यावे. तांदळास मात्र कडक ऊन देऊ नये. दाण्याला बारीक चिरा पडतात व शिजताना तो मोडतो. तांदूळ सावलीत, वाऱ्यावर पसरावा. उन्हातून काढलेले धान्य पुरते निवल्यावरच डब्यात भरावे. गरम भरले तर आत घाम धरतो आणि केलेले श्रम वाया जातात.

तुरीच्या डाळीस एरंडेल चोळण्याची आपली पद्धत शास्त्राला धरून आहे. कडधान्यातील भुंगेरा दाण्याच्या पृष्ठावर अंडी घालतो. तेलाच्या पातळ थरामुळे त्याला तेथे जम बसविता येत नाही. किलोस चहाचा एक चमचा तेल पुरे. अहिंसा पाळणाऱ्या घरांनी एवढे लक्षात ठेवावे की, कीड लागण्यापूर्वीच तेल चोळावे. कीड लागल्यावर मारणे याहून ती लागू न देणे हाच आपला मार्ग. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर सावलीत पूर्ण वाळवून घालावा. ओला पाला घातला तर ओल आपणच आत नेतो. पाल्याने कीड काहीशी दूर राहते, पण पाल्यावर सारा भरवसा ठेवून चालत नाही.

डबा काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. मोकळी जागा जितकी कमी तितकी हवा कमी. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे वा कोरड्या मुलखातील जोंधळ्याची पेवे याच तत्त्वावर चालत. जमिनीखाली बंद केलेल्या पेवातील प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू साचतो आणि कीड जगत नाही. पण जो वायू किडीस जगू देत नाही, तो माणसासही जगू देत नाही. म्हणून पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवीत व आत कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. ही घाई नडून माणसे गुदमरून गेल्याच्या हकीकती जुन्या लोकांकडून आम्ही ऐकल्या आहेत. साठवणीची रीत व तिची मर्यादा त्या काळी एकत्रच शिकविली जात असे, ती अशी.

गोळी घरात नको

आता जे सांगावयाचे त्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला, असे म्हटले तरी चालेल. दरवर्षी वैशाखात आमच्या दुकानी कोणी ना कोणी विचारतो, "काका, वखारीत घालता ती गोळी दोन-चार द्या ना, घरच्या तांदळात टाकतो." आमचे उत्तर ठरलेले आहे : नाही.

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओलाव्याशी तिचा संबंध आला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा अत्यंत विषारी वायू निघतो. वखारीतही ती कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, थप्पी झाकून, दारे बंद करून व माणसे दूर ठेवून वापरावयाची असते. घरात ती टाकून त्याच घरात निजणे म्हणजे आपल्या हाताने विष पेरणे होय. वायू फटींतून शेजारच्या खोलीत जातो. लसणासारखा वा कुजट वास कधी येतो, कधी येत नाही. वास नाही म्हणून वायू नाही असे समजू नये. या विषावर उतारा नाही. आपल्या देशात या गोळीपायी निजलेल्या घरांत मुले दगावली आहेत. सभासद बंधूंनी ओळखीखातर, भिडेखातर किंवा नात्याखातर ही गोळी कोणासही देऊ नये, एवढी आमची हात जोडून विनंती आहे.

तीच गोष्ट तांदळास बोरिक पावडर चोळण्याची. ती औषधाच्या दुकानात मिळते म्हणून निर्धोक ठरत नाही. अन्नात ती वर्ज्यच आहे. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात ठेवू नयेत. एरंडेल, ऊन व घट्ट झाकण असता यांतील कशाचीही गरज नाही.

उंदीर व वखार

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा पहिला रोगी ओळखला गेला तो मांडवी भागात, जेथे धान्याच्या वखारी दाटीवाटीने उभ्या होत्या. ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. जेथे सांडलेले धान्य तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे रोग, हा धडा आपल्या व्यवसायाने तेव्हा फार मोठी किंमत देऊन घेतला. आजही पावसाळ्यात उंदराच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून लेप्टोचा ताप येतो. आणि उंदरामागे साप घरात येतो तो वेगळाच.

उंदीर मारण्याचा प्रसंगच येऊ नये असे वाटत असेल तर पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत, भिंतीपासून हातभर अंतर सोडावे, बिळे व मोऱ्यांची तोंडे बुजवावीत आणि सांडलेला दाणा रात्रभर राहू देऊ नये. केरसुणीइतके स्वस्त औषध दुसरे नाही.

पाणी गाळणे

पाणी जाड, दुहेरी कापडाने गाळून घेणे व कापडावर राहिलेली जिवाणी हळुवारपणे त्याच विहिरीत परत सोडणे, हा आपला कुळाचार. या कुळाचाराची थोरवी जगाने अलीकडे अनुभवली आहे. नारू हा रोग पाण्यातील अगदी सूक्ष्म जीवांवाटे पोटात जाई. ते जीव कापडात अडकतात. पाणी गाळून पिण्याचा घरोघर प्रसार झाला, विहिरींची सुधारणा झाली आणि भारतातील शेवटचा नारूचा रोगी १९९६ साली नोंदला गेला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळावयास शिकविले, तेव्हा तेथील पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. नव्या कापडापेक्षा वापरलेले जुने कापड अधिक चांगले, कारण धुऊन धुऊन त्याची वीण दाट होते.

परंतु येथेही मर्यादा आहे. कापडाने सुटे रोगजंतू अडत नाहीत. म्हणून गाळल्यावर पाणी उकळावे, आणि गळणे रोज धुऊन उन्हात वाळवावे.

बटव्यातील औषधे

आपल्या बटव्याची एक खासियत आहे. आपल्याकडे मध वर्ज्य आणि ओले आलेही कंद म्हणून वर्ज्य. म्हणून खोकल्यावर सुंठ व गूळ, अथवा ज्येष्ठमध व खडीसाखर. यात काही उणे नाही. उलट, एक वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच देऊ नये, असे आता डॉक्टरही सांगतात.

पोट गच्च झाले असता चिमूटभर ओवा व सैंधव. दाढ ठणकली तर लवंग दाढेखाली धरावी. अंगावर पित्त उठले तर आमसुलाचे पाणी लावावे व थोडे प्यावे. घसा बसला तर मीठ-हळदीच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करविले. आपल्या आज्यांचे ज्ञान हे ज्ञान होते, याची ती एक प्रकारे पोचपावतीच. मात्र ही हळद खरचटण्यापुरती. खोल जखमेत हळद कोंबू नये, आणि भाजलेल्या जागी तर काहीच लावू नये. वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे.

जुलाब-उलट्यांत आपली तांदळाची पेज, मीठ घालून, हे उत्तम औषध आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. घरी करावयाचे तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अधिक झाल्यास लहान मुलास अपाय होतो, म्हणून चवीवर न जाता मापाने घालावे. औषधाच्या दुकानातील तयार पुडी मिळाल्यास तीच अधिक बरी.

मापावरून आठवले. आजी बाळासाठी जायफळ उगाळी ते सहाणेवर एक-दोन वेढे. ते वेढे हेच तिचे माप होते. आता तेच जायफळ भुकटी होऊन डब्यात येते व चमच्याने पडते. जायफळ अधिक पोटात गेले तर विषासारखे बाधते. वस्तू तीच राहिली, माप मात्र हरवले. आणि माप हरवले की औषधाचे औषधपण संपते.

बटवा केव्हा मिटावा

छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, थंड घाम, ही लक्षणे असता "वायू धरला" म्हणून ओवा चघळत बसू नये. आपल्यासारख्या गादीवर बसून धंदा करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. नंदगडहून बेळगाव गाठावयास वेळ लागतो, म्हणून तो वेळ काढ्यात घालवू नये. १०८ वर दूरध्वनी करावा.

ताप दोन दिवसांत उतरला नाही, अथवा रानात जाऊन आल्यावर ताप आला, तर रक्त तपासावे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात आढळलेला, गोचिडीवाटे येणारा माकडताप २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या दोडामार्गातही आला होता. बाळाची लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, ते मलूल पडले तर पेज पाजत पाजत दवाखाना गाठावा. पित्त उठून ओठ सुजले वा श्वास अडला तर आमसूल बाजूस ठेवावे. आणि साप चावला तर बटवा उघडूच नये. चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता माणसास इस्पितळात न्यावे, कारण प्रतिविष तेथेच आहे.

जुने ते सारे टाकावे असे आम्ही म्हणत नाही, आणि जुने ते सारे सोने असेही म्हणत नाही. तोलून मापून देणे हा आपला धर्म व आपला धंदा. दुकानातील तराजू जितक्या काळजीने धरतो, तितक्याच काळजीने घरातील चिमूट, चमचा व वेढा धरावा. येत्या चातुर्मासापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरी धान्याच्या डब्यांत गोळी वा पावडर नाही याची एकवार खातरजमा करून घ्यावी, आणि सुनांनी-मुलींनी घरातील वडीलधाऱ्या बायकांजवळ बसून त्यांची मापे वहीत उतरवून ठेवावीत. सर्व कुटुंबांस आरोग्य लाभो, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.